पाच फूट एक इंच

जेरोम अंकलच्या हाताखालून गेलेला माणूस जन्मात कधी दिसला नसेल इतका चांगला दिसायचा. नवरीच्या कपाळावरची पुटकुळी, नवरदेवाच्या शेरवानीवरचा सरबताचा डाग, ग्रुप फोटोत नेमकी जांभई देणाऱ्या मामांचं तोंड, सगळं ते बोलता बोलता पुसून टाकत. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची लग्नाचे अल्बम बनवणारी लॅब होती. तिथे मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. फोटोवर काम करायचं जे काही मला येतं, ते त्यांनी शिकवलेलं आहे. पूर्वी हे मी कोणालाही कौतुकाने सांगायची. आता सांगायला बसलं की मध्ये एक भिंत येते, म्हणून इतके दिवस लिहायचं टाळलं.

अंकल तिथल्याच गावठाणातले. घरी मराठी बोलणारे, रविवारी न चुकता चर्चला जाणारे, आणि "आम्ही विमानतळाच्या आधीपासून हाव इथे" हे महिन्यातून एकदा तरी ऐकवणारे. उंच, पाठीत जरा वाकलेले, डावखुरे. डाव्या हातात माउस आणि उजव्या हातात रुमाल. त्या रुमालाने स्क्रीन पुसायची, चष्मा पुसायचा, आणि दुसरं काही नसलं तर माझं टेबल पुसायचं. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांत नसायची, चेहऱ्यावर फिरत असायची. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा आगाऊ दिसतोय. मग कळलं की ते आपले डाग मोजतात. एकदा चहावाल्याकडे बघून मला हळूच म्हणाले, "डाव्या भुवईखाली थोडं साफ केलं ना, तर हीरो दिसेल बग." चहावाल्याने ते ऐकलं. तेव्हापासून अंकलना कटिंगच्या पैशांत फुल चहा मिळायला लागला.

"दोनशेवर जा" हे त्यांचं पालुपद होतं. फोटो दोनशे टक्के मोठा करायचा, मग जे खटकेल ते काढायचं. खटकलं आणि राहू दिलं, असं त्यांच्या हातून होत नसे. हॉटेलात गेले तर टेबलावरची मिठाची बाटली सरळ करतील, बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरवरचा दोरा काढतील. असा एक दोरा काढताना त्यांनी एकदा शिव्याही खाल्ल्या होत्या.

एकदाच त्यांची चूक झालेली मी पाहिली. घाटकोपरचा एक माणूस आईचा फोटो मोठा करून घ्यायला आला होता, बाराव्यासाठी हवा होता. आईच्या गालावर भाजल्याचा काळपट डाग होता. अंकलनी तो असा काढला की गालाला हात लावून बघावंसं वाटलं. तो माणूस बराच वेळ फोटोकडे बघत बसला आणि म्हणाला, "फोटो छान झालाय. पण ही आमची आई नाही. मला भजी तळून देताना तिच्या गालावर तेल उडालं होतं." अंकलनी मूळ फोटोवरच काम करून तो तसाच सेव्ह केला होता, आणि स्कॅनरवरून काढताना जुना फोटो नेमका गालावर सोलला होता, त्यामुळे पुन्हा स्कॅन करून डाग नीट येईना. त्यांनी पाच वेळा डाग रंगवून बघितला. पाचही वेळा तो रंगवलेला दिसला. माणूस बिचारा फोटो घेऊन गेला, पण अंकल दोन दिवस जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी लॅबला नियम घालून दिला की मूळ फोटोला हात लावायचा नाही. तो सगळ्यात खाली कुलूप लावून ठेवायचा आणि जे काय करायचं ते वरच्या लेयरवर. लेयर म्हणजे काचेवर काच ठेवून वरच्या काचेवर रंगवावं, तसं. वरची काच बाजूला केली की खाली सगळं जसंच्या तसं. अंकल मूळ फोटो जपून ठेवायला शिकले. तो उघडून बघायला मात्र शिकले नाहीत, हे मला फार उशिरा समजलं.

अंकल निवृत्त झाले तेव्हा त्यांनी अंगणात बाग करायचं ठरवलं. अंगण म्हणजे कौलारू घराच्या मागची मोकळी जागा, जेमतेम आमच्या लॅबएवढी. एका कोपऱ्यात चुन्याने रंगवलेला क्रूस आणि पलीकडच्या टोकाला त्यांच्या वडिलांनी बांधलेली भिंत. भिंतीमागे कोणा बिल्डरचा प्लॉट होता. तिथे इमारत काही उभी राहत नव्हती, पण डंपर येऊन भरणीची माती ओतत होते, आणि ओतता ओतता पलीकडची जमीन भिंतीच्या निम्म्यावर आली होती.

दुसऱ्या कोणी कुदळ घेतली असती. अंकलनी माउस घेतला. ओट्यावर एका फरशीवर त्यांनी नेलपॉलिशने तीन ठिपके काढले, कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन पाय तिथेच ठेवायचे. दुपारी तीन वाजता भिंतीवर ऊन यायचं, तेव्हाच फोटो काढायचा. आणि दर वेळी भिंतीसमोर हिल्डा आंटीला उभं करायचं.

हिल्डा आंटी म्हणजे त्यांची बायको. बुटकी, गोल, हसली की आधी खांदे हलायचे. अंकलना फोटोत माप हवं होतं. झाड किती मोठं दाखवायचं, वाफा किती उंच, ते ठरवायला शेजारी ठाऊक उंचीची एखादी वस्तू लागते.

"फूटपट्टी लावा ना," मी म्हटलं.

"हिल्डा हाय ना," ते म्हणाले. "पाच फूट एक इंच. लग्नात मोजलीय."

असा तो बागेचा कारभार. नर्सरीत जाऊन अंकल झाडांचे फोटो काढायचे, विकत काही घ्यायचे नाहीत. नर्सरीवाला त्यांना बघितलं की तोंड फिरवायचा. घरी येऊन ते प्रत्येक झाड कात्रीने कापल्यासारखं वेगळं करून अंगणाच्या फोटोत बसवायचे. जास्वंद हिल्डाच्या खांद्याएवढी, लिली तिच्या गुडघ्याएवढी, पपई तिच्या दुप्पट. सावलीसुद्धा तीन वाजताच्या उन्हाची. सगळं जमलं की शेवटी हिल्डाचा लेयर बंद. मग रिकामी, हिरवीगार, डाग नसलेली बाग उरायची.

"झाला का मला घालवून?" आंटी मागून विचारायच्या.

"झाला," अंकल म्हणायचे. "आता किती मोकळं दिसतंय बग."

दर दीड-दोन महिन्यांनी ते मला फाइल पाठवायचे, सगळे लेयर तसेच ठेवून. "शालू, बघून सांग." मी त्यांची विद्यार्थिनी, मला कौतुक वाटायचं. मी एकेक काच उचलून बघायची, त्यांनी काय केलंय, कसं केलंय. असंच बघत सगळ्यात खाली गेले, तेव्हा मूळ फोटोत ती भेग दिसली.

भिंतीच्या तळापासून निघालेली केसासारखी रेघ, आंटीच्या मागे कमरेपर्यंत आलेली. त्याच्या वरच्याच लेयरवर ती नव्हती. फाइलमधलं पहिलं काम तेच होतं. झाडं लावण्याआधी, रंग सुधारण्याआधी अंकलनी भिंत स्वच्छ करून घेतली होती, पाटी पुसून घ्यावी तशी. दोन महिन्यांनी दुसरी फाइल आली. तिच्यात भेग आंटीच्या खांद्याला लागली होती आणि वरच्या लेयरवर पुन्हा भिंत कोरी. नवा फोटो काढला की पहिल्या दहा मिनिटांत भेग पुसायची आणि मग दोन महिने त्या पुसलेल्या भिंतीकडे बघत बाग लावायची, असं चाललं होतं. खऱ्या भिंतीकडे ते रोज बघत असणारच. पण त्यांच्या नजरेला जी भिंत सवयीची झाली होती, ती स्क्रीनवरची होती.

मी फोन केला. "अंकल, आंटीच्या मागे भिंतीला भेग आहे."

"कुठे?"

"खालच्या फोटोत."

"ती मी साफ केली. वरचा लेयर बग ना."

"ती फोटोतली झाली हो. भिंतीत आहेच ना अजून."

ते हसले. "बाय, माझ्या बापाने बांधलीय ती. तीन माणसं लावून, शिसवासारखी. तिला काय होत नाय." मग म्हणाले, "पण तू म्हणतेस तर पुट्टी मारतो."

आणि मारली. पुढच्या मूळ फोटोत भेगेच्या जागी पांढरा पट्टा होता आणि त्यावर रंगाचा हात. मला बरं वाटलं. बोलल्याचं काम झालं, असं वाटलं. त्याच्या पुढच्या फोटोत पट्ट्याच्या शेजारून नवी भेग निघाली होती आणि आंटीच्या डोक्याच्या वर जाऊन तिला दोन फाटे फुटले होते. या वेळी मी फोन केला नाही. सारखं काय म्हाताऱ्याच्या मागे लागायचं, असा विचार केला. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात लॅब बंद होणार असल्याची बातमी आली होती, आणि मला माझीच पडली होती.

त्यानंतर एकदा रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. तोवर बाग चित्रातून अंगणात उतरायला लागली होती. भिंतीला लागून विटांचा उंच वाफा, त्यात लाल माती, पाण्याची बारीक नळी दिवसभर ठिबकत असायची. भेगेवर कृष्णकमळाचा वेल चढवलेला. चित्रात होता तसाच, पानाला पान. एका टबात भाताची रोपं होती. आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात त्या सणाला, विकतच्या लोंब्या न्यायच्या नाहीत असा अंकलचा हट्ट. आजूबाजूला शेत म्हणून उरलं नाही, तर टबात भात.

वाफ्याच्या मधोमध जागा सोडून एक बाक ठेवला होता, भिंतीला टेकून. सगळ्या बागेत आंटीने मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती. तिची पाठ दुखायची.

"बाकी त्याला काय लावायचं ते लावू दे," ती मला म्हणाली. "मला पाठ टेकायला जागा दे म्हटलं."

ती दुपारी तिथेच बसायची. लसूण सोलायची, माळ जपायची, कधी तशीच डोळे मिटून. मी शेजारी बसले तर म्हणाली, "टेक ना. गारेगार लागतं पाठीला."

मी टेकले. भिंत खरंच गार होती. पावसाचे दिवस होते, पण हा गारवा पावसाचा वाटेना, आतून येत होता. वेलाच्या पानांमागून मुंग्यांची रांग निघून क्रूसाकडे चालली होती, तोंडात पांढरी अंडी घेऊन. पलीकडे एक डंपर मागे येत असल्याची पिप्-पिप् ऐकू आली, मग माती ओतल्याचा आवाज. बाकाखाली काहीतरी बारीक हललं. आंटी उठली तेव्हा तिच्या पाठीवर तांबडी माती होती. तिने पदर झटकावा तशी सहज झटकली, रोजची सवय असल्यासारखी.

"आंटी, बाक जरा तिकडे घ्या ना. ओट्याजवळ," मी म्हटलं.

"तिथे पाठ कशाला टेकू?" ती म्हणाली. "आणि त्याचं चित्र बिघडेल."

अंकल ओट्यावरून ऐकत होते. "बाक तिथेच," ते म्हणाले. "तिथे हिल्डा बरोबर मध्ये येते." मी भिंतीला लागून ओला झालेला हात ओढणीला पुसला आणि जेवायला आत गेले. वांग्यातलं सुकट होतं, भाकऱ्या होत्या. मी पोटभर जेवले. ते जेवण अजून आठवतं, आणि आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

नंतरचं अंकलच्या मुलीकडून कळलं. ती चारकोपला राहते, माझ्याच सेक्टरमध्ये. आगेरा चार दिवसांवर आला होता. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, कडक ऊन पडलं होतं, आणि पावसात धरून ठेवलेला श्वास सगळ्यांनी सोडला होता. कृष्णकमळाला फुलं आली होती, टबातल्या लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. बाग चित्रासारखी झाली होती. तीन वाजता अंकलनी स्टँडचे पाय तीन ठिपक्यांवर ठेवले. आंटी बाकावर बसून लोंब्यांची जुडी बांधत होती. कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं.

"तिथेच बस," अंकल तिला म्हणाले. "हलू नको. कार्ड घेऊन आलो."

ते आत गेले. भिंत पडल्याचा आवाज शेजाऱ्यांना डंपरचा वाटला. पलीकडची सगळी माती भिंतीसकट अंगणात आली होती. अंकल कार्ड हातात घेऊन ओट्यावर आले तेव्हा स्टँडवरचा कॅमेरा तसाच होता, आणि तो जिकडे बघत होता तिथे काही नव्हतं. माणसं जमली, हातांनी माती उपसली. आंटी बाकावरच होती. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

महिन्याच्या मिसाला, म्हणजे तिच्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले. चर्चच्या दारात टेबलावर तिचा फोटो होता. आयुष्यभर दुसऱ्यांची माणसं सुंदर करणाऱ्या माणसाने आपल्या बायकोचा फोटो कसा केला असेल, हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. त्यांनी काहीच केलं नव्हतं. तो मापाचा फोटो होता, शेवटच्या फाइलमधला, सगळ्यात खालचा. आंटी बादली घेऊन उन्हात डोळे बारीक करून उभी, केस कपाळाला चिकटलेले, गाउनवर हळदीचा डाग. मागे भिंत. तिच्या डोक्यावर भेगेचे दोन फाटे.

एक नातेवाईक बाई कुजबुजली, "जेरोम, निदान मागचं तरी साफ करायचं."

"हात नाय लावायचा," अंकल म्हणाले. एवढंच.

ते आता मुलीकडे राहतात. मी अधूनमधून जाते. मागच्या वेळी गेले तर कॉम्प्युटर चालू होता. त्यांनी सगळे मूळ फोटो ओळीने लावले होते. तीच जागा, तेच ऊन, तीच बादली घेतलेली बाई, आणि तिच्या मागे कमरेपासून चढत गेलेली भेग. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला दिसत होती?"

"हो."

"बोललीस."

"एकदा बोलले."

रुमाल हातात होता, पण ते काही पुसत नव्हते. "दोनदा बोलायचं, बाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मुलीने चहा आणला. मी निघाले, लिफ्ट वर अडकली होती म्हणून जिन्याने उतरायला लागले. सहाव्या मजल्याच्या वळणावर भिंतीला बारीक भेग होती. तिच्या टोकाला पेन्सिलीने एक खूण आणि शेजारी तारीख, डावखुऱ्या तिरप्या अक्षरात. त्याच्याखाली दुसरी खूण, आधीची तारीख. पाचव्या मजल्यावर तसंच. आणि प्रत्येक वळणावर, भेग असो की नसो, त्याच उंचीवर एक आडवी रेघ मारलेली होती, पट्टीने मारावी तशी सरळ. मी तिच्याजवळ उभी राहिले. ती माझ्या भुवयांना लागत होती, आंटीचं डोकं लागायचं तशी.

वरून दार उघडल्याचा आवाज आला. मी कठड्यावरून वर बघितलं. जेरोम अंकल जिन्यात आले होते. चष्मा कपाळावर, कानामागे पेन्सिल. भिंतीला नाक लावून ते हळूहळू सरकत होते, हाताने चाचपत. तळमजल्यापर्यंत मी रेघा मोजत गेले. एकही मजला सुटला नव्हता.